न येणारा प्रेक्षक

संध्याकाळी ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या रोड नंबर 16 वर शिफ्ट सुटते, तेव्हा रस्ता दोन वेगवेगळ्या काळांतल्या माणसांनी भरतो. काचेच्या इमारतींतून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मंडळी बाहेर पडतात आणि उरल्यासुरल्या शेडमधून, लेथवरचे हात पुसत, कामगार. थोडी किसन नगरकडे वळतात, थोडी स्टेशनची शेअर रिक्षा पकडतात. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन इथून रिक्षाने फार तर वीस मिनिटांवर. तरी या गर्दीतला कितवा माणूस तिथे जाऊन बसला असेल, हा प्रश्न मला इथे नेहमी छळतो.

असाच प्रश्न रॉजे प्लांशों या फ्रेंच दिग्दर्शकाने आयुष्यभर वागवला. शेतकरी घरातून आलेला हा मुलगा आधी बँकेत कारकून होता. 1957 मध्ये त्याने व्हिलुर्बानचं नगरपालिकेचं नाट्यगृह हाती घेतलं. ल्यों शहराला खेटून असलेली ही कारखान्यांची वस्ती. मुंबईला ठाणं, तसं ल्योंला व्हिलुर्बान. तुम्हाला कोणतं नाटक पाहायचंय, असं त्याने तिथल्या लोकांनाच विचारलं. उत्तर आलं, ‘थ्री मस्केटिअर्स’. त्याने ते केलंही.

पण मला मोठं वाटतं ते त्याचं 1958 चं ‘जॉर्ज दांदँ’. उमरावाची मुलगी करून पस्तावलेल्या धनिक शेतकऱ्याची ही मोलिएरची कॉमेडी. प्लांशों आणि नेपथ्यकार रने अल्यो यांनी ती शेतघराच्या अंगणात आणली. मालकाच्या अब्रूचा तमाशा चाललेला असताना भोवती गडीमाणसं आपापली कामं करत राहतात. मोलिएरच्या संहितेत ही माणसं नव्हती, त्यामुळे त्यांना वाक्यंही नव्हती. मात्र त्यांच्या नुसत्या असण्याने दांदँच्या दुःखाचं वजन बदललं. आपली गोष्ट ज्यांच्या श्रमावर उभी आहे, ते गोष्टीत दिसलेच पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह. पुढे 1988 मध्ये प्लांशों चित्रपटाकडे वळला, तोही याच नाटकाचा हात धरून.

मे 1968 मध्ये फ्रान्सभरच्या नाट्यगृहांचे संचालक व्हिलुर्बानलाच जमले आणि त्यांच्या जाहीरनाम्यात एक नवा शब्द आला: अ-प्रेक्षक. नाट्यगृहाची पायरी कधीच न चढणारा तो. शब्द प्रामाणिक आहे, पण मला त्यात एक खोट दिसते. माणूस आपल्याकडे येत नाही, एवढ्यावरून आपण त्याला नाव ठेवतो. त्याच्याकडे सांगायला काय आहे, हे त्या शब्दात मावत नाही.

इथे मला नाटककार रत्नाकर मतकरी आठवतात. बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरी करून 1978 मध्ये ते पूर्णवेळ लेखन-दिग्दर्शनाकडे वळले. ‘लोककथा 78’ त्याच सुमाराचं. त्यांची बालनाट्य संस्था 1962 ची, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेच्याच वर्षातली. एकीकडे कारखान्यांसाठी भूखंड आखले जात होते आणि दुसरीकडे एक तरुण मुलांसाठी राक्षस आणि चेटकिणी रचत होता. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ‘इन्व्हेस्टमेंट’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला आणि तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण याच उतारवयात, समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने, त्यांनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला.

तिथे मतकरींनी स्वतःची नाटकं मुलांच्या हाती दिली नाहीत, याचं मला अप्रूप वाटतं. एवढा यशस्वी नाटककार, पोतडीत ‘अलबत्या गलबत्या’सारखं हमखास नाटक, तरी विषय मुलांचा, भाषा मुलांची, नाटिका बसवणारीही मुलंच. प्लांशोंने कामगाराला विचारलं, काय बघायचंय? मतकरींनी त्याच्या मुलांना विचारलं, काय सांगायचंय? दोन प्रश्नांत अर्ध्या शतकाचं अंतर आहे आणि दुसरा मला अधिक अवघड वाटतो. कारण तो विचारणाऱ्याला उठून प्रेक्षकांत जाऊन बसावं लागतं.

मे 2020 मध्ये करोनाने मतकरींना नेलं. वस्तीतल्या मुलांचा नाट्यजल्लोष आता त्यांच्या स्मृतीच्या नावाने होतो. दांदँच्या अंगणातली ती गडीमाणसं, ज्यांना वाक्यं नव्हती, त्यांची पोरं तिथे बोलत असतात. आईची धुणीभांडी, बापाची दारू, नळावरचं भांडण. आणि अंधारात बसून ऐकत असतो तो आपण.