सात सेकंदांचं ऋण

सॅम्पल कापून बीट बांधायला शिकणाऱ्याच्या हाती एक जुना तुकडा फार लवकर येतो. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी बँडची १९६९ सालची ‘आमेन, ब्रदर’ ही रेकॉर्ड. १ मिनिट २६ सेकंदांवर बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटेच ड्रम्स वाजवत राहतात. चार बार, जेमतेम सात सेकंद. नवशिका तो तुकडा सॉफ्टवेअरमध्ये घेतो, किक आणि स्नेअर जिथे जिथे पडली तिथे तिथे कापतो, एकेक काप एकेका पॅडवर ठेवतो आणि बोटांनी उलटसुलट वाजवून बघतो. मूळचा वेग मिनिटाला साधारण १३७ ठोक्यांचा. तो उतरवला की हिप-हॉपची जड चाल मिळते, १६० च्या पुढे नेला की ‘जंगल’ हा वेगवान नृत्यसंगीताचा प्रकार.

याच तुकड्याने शिकणाऱ्याला एक महत्त्वाची गोष्ट कळते. चौथ्या बारमध्ये कोलमन सम रिकामी सोडतात आणि क्रॅश झांज कान वाट बघायला लागण्याआधीच वाजवतात. काटेकोर ग्रिडवर ठोके मांडून ही चाल येत नाही. ठोके आपोआप ग्रिडवर बसवणारं क्वांटाइझचं बटण दाबलं तर ती मरते. ती एका माणसाच्या मनगटातून आलेली आहे, आणि पॅडवर बोट ठेवणारा दर वेळी तेच मनगट हलवत असतो.

रेकॉर्डचं नावही साधं नाही. ‘आमेन’ म्हणजे प्रार्थनेच्या शेवटी म्हणायचं ‘तसंच होवो’. त्याच नावाच्या एका गॉस्पेल गीतावर ही रेकॉर्ड बेतलेली आहे. पुढे हजारो गाण्यांखाली जो ठोका बसला, तो अशा भक्तिगीताच्या सावलीतून आलेला.

कोलमन यांना त्यातून काहीही मिळालं नाही. २००६ साली अटलांटात त्यांचं निधन झालं तेव्हा ते बेघर होते. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही कधी मानधन मिळालं नव्हतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोन डीजेंनी वर्गणी काढली आणि २४,००० पौंड स्पेन्सर यांच्यापर्यंत पोचवले.

मग सॅम्पल घेणं ही चोरी आहे का? एका न्यायाधीशाने या प्रश्नाचं उत्तर थेट धर्मग्रंथातून दिलं आहे. १९९१ साली गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा रॅपर बिझ मार्की यांनी परवानगीशिवाय वापरला. खटला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेला. न्यायमूर्ती केव्हिन थॉमस डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चोरीविषयीच्या आज्ञेने केली, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवलं. त्यानंतर अमेरिकेत सॅम्पलची रीतसर परवानगी घेणं हा धंद्याचा भाग झाला.

आज्ञा खरी आहे, पण या प्रश्नाला ती पुरत नाही. चोरीत वस्तू एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाते. कोलमन यांची रेकॉर्ड जिथे होती तिथेच राहिली. नाहीसं झालं ते त्यांचं नाव. शिवाय परवानगी द्यायची असते रेकॉर्डच्या मालकाने, आणि तो बहुतेक वेळा कंपनी असतो. ज्याच्या हाताने वाजवलं, ज्याच्या श्वासाने गायलं, तो माणूस त्या व्यवहारात असतोच असं नाही. कागद पूर्ण होतात आणि कोलमन तरीही बाहेरच राहतात.

इथे ‘ऋण’ हा शब्द जास्त उपयोगी पडतो. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर अशी तीन ऋणं सांगितली आहेत. त्यातलं ऋषिऋण पैशाने फिटत नाही, ते अध्ययनाने फेडायचं असतं. ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. हिंदुस्तानी संगीतातला गायक आजही गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते. कीर्तनकार दुसऱ्याचा अभंग घेतो, त्यावर तासभर निरूपण करतो, आपली चाल लावतो, पण शेवटच्या चरणाशी पोचला की कर्त्याचं नाव त्याच्या तोंडून येतंच. उसनं घेण्याची इतकी मोकळी परवानगी आणि नाव सांगण्याची इतकी पक्की सोय एकाच रचनेत बसवलेली फार कमी ठिकाणी सापडते.

२००२ साली हा प्रश्न लता मंगेशकरांच्या आवाजापर्यंत आला. ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात निर्माता डीजे क्विक याने ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातलं लताबाईंचं गाणं लूप करून घातलं. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं नाव कुठेच नव्हतं. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सीडीच्या विक्रीला मनाई केली आणि अट घातली ती लाहिरींचं नाव छापण्याची. आधी नाव लावा, मग विका. डफींच्या निकालापेक्षा या आदेशात गोष्टीचं मर्म जास्त नेमकं पकडलेलं दिसतं.

आवाज उपासनेचा असेल तर ऋण आणखी गुंतागुंतीचं होतं. ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांच्या १९८१ च्या ‘माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स’ या अल्बममध्ये अल्जेरियातल्या मुसलमानांच्या कुराणपठणाचं ध्वनिमुद्रण वापरलेलं एक गाणं होतं. ब्रिटनमधल्या एका इस्लामी संस्थेने आक्षेप घेतला आणि नंतरच्या आवृत्त्यांमधून ते गाणं काढलं गेलं. २००६ च्या आवृत्तीतही ते नाही.

हा निर्णय योग्यच होता. कुराणपठणात कुठला स्वर किती लांबवायचा, कुठे थांबायचं याचे नियम असतात आणि ते नियम उपासनेचाच भाग आहेत. तिथे कात्री लावली की अर्थाला इजा होते. कोलमन यांच्या स्नेअरचं तसं नाही. तो ठोका कुणा श्रोत्याला उद्देशून असेल, तर नाचणाऱ्याला उद्देशून आहे, आणि नाचणारे त्याला अजून मिळत आहेत.

तरीही कापणं आणि फिरवणं म्हणजेच विटंबना, असंही म्हणता येत नाही. वेदपठणाच्या जटापाठात पदं एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी पुढेमागे म्हणतात. घनपाठात ही गुंफण तीन पदांपर्यंत जाते. पॅडवर काप उलटसुलट वाजवणाऱ्या नवशिक्याला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. मात्र घनपाठीने ती वर्षानुवर्षं घोकलेली असते ती एकही अक्षर, एकही स्वर हरवू नये म्हणून. तुकडे तिथेही होतात, पण मूळ विसरलं जाऊ नये यासाठी होतात. सॅम्पल घेणाऱ्याला कसोटी हवी असेल तर याहून चांगली सापडणं कठीण.

ती रोजच्या सरावात उतरवता येते. काप घेण्याआधी पूर्ण रेकॉर्ड ऐकावी, नुसता लूपचा भाग नव्हे. वादक कोण, गायक कोण, गाणं कुठल्या प्रसंगासाठी होतं, हे शोधावं. प्रसिद्ध करायचं असेल तर रेकॉर्डची आणि गीत-संगीताची अशा दोन्ही परवानग्या लागतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना आपलं नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड रोखण्याचा हक्कही दिला आहे. घरी बसून शिकणाऱ्यावर सहसा कुणी दावा लावत नाही. पण नाव शोधण्याची सवय त्याच वेळी लागते, नंतर लागत नाही.

ज्या फाइलवर जगभरचे नवशिके हात बसवतात तिचं नाव बहुधा ‘आमेन ब्रेक’ एवढंच असतं. तुमच्या संगणकावर ती असेल, तर आज तिचं नाव बदला आणि लिहा: ग्रेगरी कोलमन, ड्रम्स, १९६९.