पुरोहिताविना सर्व्हर

सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. भरवणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाचा विसावा, पगार पंधरा तारखेच्या आत. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधू’ १८८० पासून ते मुंबईतून चालवत होते. कामगारांचं गाऱ्हाणं छापायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यामागचा हिशेब.

ती सुपारीबाग करी रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. आज याच भागातल्या एखाद्या चाळीतल्या मंडळाचा हिशेब पाहावा. वर्गणीची यादी कुणाच्या तरी ईमेल खात्यात, फोटो फेसबुकवर, निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर. खजिनदार खोली विकून डोंबिवलीला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. आणि कंपनीनंच दुकान बंद केलं तर? ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट हे समाजमाध्यम बंद झालं, तेव्हा भारतातल्या असंख्य लोकांच्या गप्पांचा कट्टा एका घोषणेसरशी उठला.

लालबाग-परळच्या माणसाला हे पागडीच्या भाषेत लगेच कळेल. पागडीचा भाडेकरू मालक नसतो, पण त्याच्या मागे कायदा उभा असतो. त्याला एका रात्रीत बाहेर काढता येत नाही. फुकटच्या ऑनलाइन खात्याला तेवढंही संरक्षण नाही. याला एक उत्तर म्हणजे ‘सेल्फ-होस्टिंग’: फोटो, कागदपत्रं, कॅलेंडर सांभाळणारा सर्व्हर घरातल्या जुन्या संगणकावर किंवा भाड्याच्या मशीनवर आपणच चालवायचा.

म्हणायला सोपं. प्रत्यक्षात डोमेन घ्या, डेटाबेस उभा करा, टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करा, अपडेट आणि बॅकअप सांभाळा. त्यात घरच्या ब्रॉडबँडला अनेकदा इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच नसतो. एका पत्त्यामागे कंपनीनं कित्येक घरं कोंबलेली असतात. चाळीचा पत्ता आहे, खोलीला नंबर नाही, मग पोस्टमन वर येणार कसा?

इथे प्रश्न तंत्राचा उरत नाही. वेदान्तात ग्रंथारंभीच विचारतात: या विद्येचा अधिकारी कोण? संगणकाची माहितीपत्रकंही न बोलता तेच विचारतात. टर्मिनल न येणाऱ्यानं पहिल्याच पानावर परत फिरावं. फुल्यांचं भांडण अशाच दाराशी होतं. निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्यांनी सांगितलं आणि डिसेंबर १८७३ मध्ये पुरोहिताविना लग्न लावून दाखवलं. पण त्यांचं खरं कसब पुढे दिसतं. १८८७ मध्ये त्यांनी पूजाविधींचं मराठी पुस्तक काढलं. त्यात मंगलाष्टकं आहेत, तीही वधू-वरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायची. पुरोहित नको, एवढं सांगून भागत नाही. लग्नाच्या दिवशी काय म्हणायचं ते हातात ठेवावं लागतं.

संगणकाच्या जगात अशी पुस्तकं आता निघू लागली आहेत. संकेतस्थळाच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र पूर्वी बहुधा विकत घ्यावं लागे आणि हातानं बसवावं लागे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुलं झालेल्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’नं ते फुकट आणि आपोआप मिळण्याची सोय केली. ‘युनोहोस्ट’ ही स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची प्रणाली डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. तिच्या पानावरून अ‍ॅप निवडून एका बटणानं बसवता येतं. ‘फ्रीडमबॉक्स’ची कल्पना कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी २०१० मध्ये मांडली: घराघरांत एक लहानसा, स्वस्त, स्वतःचा सर्व्हर.

तरी जाणकारांचा आक्षेप झटकण्याजोगा नाही. अपडेट न केलेला सर्व्हर चोरांच्या हाती पडतो आणि मग त्याच्या आडून इतरांवर हल्ले होतात. आपल्या मोरीची गळती खालच्या मजल्यावरच्याच्या डोक्यावर. तेव्हा अधिकाराला जबाबदारीची बाजू आहेच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: बटण बनवणारा हाच नवा पुरोहित नव्हे का? फरक इतका, की युनोहोस्टची आणि फ्रीडमबॉक्सची संहिता उघडी आहे. कुणीही वाचावी, बदलावी, वेगळी चूल मांडावी. जुन्या पोथीचा हक्क जन्मावर ठरे. इथे अडचण शिकण्याची आहे आणि शिकणं सोपं करता येतं.

मात्र लग्न एकदा लागतं, सर्व्हर रोज सांभाळावा लागतो. त्यामुळे ‘स्व’ म्हणजे एकटा माणूस असं धरलं तर हा खटाटोप बहुतेकांना झेपणार नाही. चाळीत पाण्याचा पंप खोलीगणिक नसतो; सगळ्यांचा मिळून एक असतो, आणि तो चालू करायला येणारी दोन-तीन माणसं असतात. मंडळाचा सर्व्हरही तसा असू शकतो: किल्ल्या दोघांकडे, बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत. बटणं बनवणाऱ्यांनी मग ‘बसवा’ या बटणाइतकंच ‘परत उभं करा’ आणि ‘दुसऱ्याच्या हाती सोपवा’ या बटणांकडे लक्ष द्यायला हवं. खजिनदार डोंबिवलीला जायला निघेल, तेव्हा नव्या खजिनदाराला वर्गणीच्या वहीबरोबर सर्व्हरही हातात घेता आला पाहिजे, तोही जिन्यात उभ्या उभ्या, कुणा इंजिनिअरला फोन न लावता.