बॉनेटवरचं आभाळ

फोटो काढायला माणसापेक्षा गाडी सोपी, असा बहुतेक नवशिक्यांचा समज असतो. ती ऐन वेळी डोळे मिटत नाही, लाजत नाही, 'जरा बारीक दिसेन असा काढ' म्हणत नाही. हा समज दसऱ्याच्या सकाळपर्यंत टिकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुऊनपुसून, झेंडूचे हार घालून उभ्या असतात, मालक खुशीत असतात. गळ्यात कॅमेरा दिसला की 'आमच्याही गाडीचा एक होऊन जाऊ द्या' असं आमंत्रण येतंच. सरावाला याहून चांगला दिवस नाही. फोटो मोठा करून पाहावा तर दारावर समोरची बिल्डिंग, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि मधोमध कॅमेरा डोळ्याला लावलेले आपण. सगळं आलंय, गाडी तेवढी राहिलीय.

रंग चकचकीत असला की गाडी म्हणजे वाकवलेला आरसाच. बॉनेटमध्ये आभाळ, दारांमध्ये समोरची भिंत, दारांच्या खालच्या पत्र्यात रस्ता. डिझायनरने पत्र्याला दिलेला बाक, हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली रेघ, हे आपल्याला दिसतं तेही या प्रतिबिंबांमुळेच. त्यामुळे मी हल्ली आधी गाडीला पाठ करून उभा राहतो. समोर जे दिसेल तेच पत्र्यात उतरणार. मोकळं मैदान किंवा लांबलचक कोरी भिंत असेल तर छान. रसवंतीचा लाल-पिवळा फलक असेल तर गाडी चार पावलं पुढे घ्यायला सांगायची. आणि आपला शर्ट गडद रंगाचा असावा. भगवा टी-शर्ट घालून काळ्या गाडीचा फोटो काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

उन्हाचंही तसंच. भर दुपारी बॉनेटवर सूर्याचा एक पांढरा डाग पडतो आणि चाकांच्या कमानी काळ्याठिक्कर होतात. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं मात्र सगळं आभाळच दिवा होतं. क्षितिजाकडे उजळ आणि वर गडद होत गेलेला तो पट्टा पत्र्यावर असा काही पसरतो की साधी हॅचबॅकही शोरूमच्या कॅटलॉगमधली वाटावी. आपल्याकडे गाड्या पांढऱ्याच फार, आणि कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो. तिथे एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवायचं. काळ्या गाडीला उलटं.

पुढची खरेदी पोलरायझरची. लेन्सवर बसवून गोल फिरवायची ही काच. ती फिरवताना पुढच्या काचेवरचं आभाळ विरघळतं आणि आतलं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा गणपती दिसू लागतो, तेव्हा नवशिक्या हरखतो आणि मग सगळीच चमक पुसायला निघतो. ते साधत नाही, कारण काच, बॉनेट आणि दार वेगवेगळ्या कोनांत असतात. एकावरची चमक गेली की दुसऱ्यावरची उठते. साधलं तरी गाडी मातीची दिसते. थोडी चमक हवीच. शिवाय उघड्या धातूवर हा फिल्टर चालत नाही. कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी समोर आली की हे लख्ख कळतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमधून ती ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची उतरली, पण हौशी मालकांनी जपलेल्या अजून दिसतात. तिच्या रंगावरची चमक फिल्टरने उतरते. क्रोमचा बंपर मात्र अख्खा रस्ता दाखवत राहतो. तिथे स्वतःचे पाय हलवणं हाच इलाज.

पाय तसेही हलवावे लागतातच. उभ्याने काढलेला फोटो म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसणारी गाडी. गुडघे टेकून हेडलाइटच्या उंचीवर यावं, २४ मिमीची लेन्स जवळ नेऊन गाडीचं नाक फुगवण्यापेक्षा मागे सरकून ८५ मिमी लावावी. पुढचं चाक थोडं वळवून घ्यावं, म्हणजे टायरच्या नक्षीऐवजी रिम समोर येते.

धावती गाडी हा वेगळा नाद. १/१००० सेकंदाच्या शटरवर चाकाचे आरे गोठतात आणि ऐंशीच्या वेगातली गाडीही उभी केल्यासारखी वाटते. १/६० ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवला की मागची झाडं फराटे होतात, चाकं फिरू लागतात. बहुतेक फोटो वाया जातात, जाऊ द्यावेत. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये झाक आंरी लार्तीग या विशीच्या आतल्या पोराने शर्यतीतल्या गाडीचा असाच कॅमेरा फिरवत फोटो काढला. त्या काळच्या शटरची फट काचेवरून हळू सरकायची, त्यामुळे चाक एकीकडे झुकलेलं, प्रेक्षक दुसरीकडे कललेले आले. आज वेगाचा फोटो म्हटलं की जाणकार त्याचंच नाव घेतात.

गाडीमालकांना यातलं फारसं काही नको असतं. एका शेजाऱ्यांना मी त्यांच्या एसयूव्हीचा संध्याकाळचा फोटो कौतुकाने दाखवला: नुसता हेडलाइट आणि बॉनेटची एक कड. त्यांनी मोबाइल आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. "छान आहे हो, पण नंबर कुठंय? पैसे भरून घेतलाय मी तो." तेव्हापासून हार, नंबर आणि शेजारी सहकुटुंब मालक, असा फोटो मी आधी काढून देतो. तोवर सूर्यही बुडालेला असतो.