लिव्याथानाचे खेळणे

शास्त्रपाठ : स्तोत्र १०४, वचने ५ ते ३०



ह्या स्तोत्राचा कर्ता डोंगराळ मुलखातला मनुष्य होता असे वाटते. दरीतले झरे, गुरांचे गवत, भाकर व तेल, कड्यांवरच्या रानबकऱ्या, रात्री अन्नासाठी गर्जणारे सिंह आणि सकाळी कामास निघून सांजावता परतणारा शेतकरी, हे सर्व तो घरच्यासारखे सांगतो. मग एकाएकी त्याची दृष्टी समुद्राकडे वळते. तेथे तारवे चालतात आणि ज्यास तो लिव्याथान म्हणतो तो प्रचंड जलचर तेथे खेळतो. इस्राएल लोक दर्यावर्दी नव्हते. शलमोन राजाने जहाजे बांधली तेव्हा समुद्राची माहिती असणारे खलाशी सोरच्या हीराम राजाकडून आणावे लागले (१ राजे ९:२७). तेव्हा आपल्या ह्या भक्ताने तो प्राणी कदाचित डोळ्यांनी पाहिलाही नसेल, कोणा खलाशाच्या तोंडून ऐकला असेल. तरी त्याने देवाच्या स्तुतीत त्यास जागा दिली. आपणही मावळातली माणसे. मालेच्या वाटेने भाताच्या खाचरांत राबणाऱ्या आपल्या लोकांपैकी समुद्र पाहिलेले थोडे, आणि देवमासा पाहिलेले त्याहून थोडे. म्हणून हा पाठ आपल्यास परका नाही.

आता त्या वचनातील एका शब्दाकडे लक्ष द्या. लिव्याथान समुद्रात काय करतो? तो खेळतो, आणि खेळण्यासाठीच देवाने त्यास घडविले असे शास्त्र म्हणते. मूळ इब्री वाक्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो : तो समुद्रात खेळतो असा, किंवा देव त्याच्याशी खेळतो असाही. पंडितांचा हा वाद मिटविण्याचे आपल्यास कारण नाही. पण आपली रीत पाहा. बैल ओढतो म्हणून चांगला, म्हैस दूध देते म्हणून चांगली, कोंबडी अंडे देईनाशी झाली की तिचे दिवस भरले! ज्याचा आपल्यास उपयोग नाही ते कशास जन्मास आले, असे आपण सहज विचारतो. देवाने मात्र ज्याच्या नाकात कोणी वेसण घालू शकत नाही असा जीव उत्पन्न केला व त्याच्या खेळण्यात संतोष मानिला. ईयोबाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर स्वतः ह्या प्राण्याविषयी ईयोबास प्रश्न विचारतो, तोही हाच विषय.

आपल्या भाषेने त्यास देवमासा हे नाव दिले. नाव सुंदर आहे, ते टाकण्याची गरज नाही. पण तो देव नव्हे आणि मासाही नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मोठे जलचर देवाने उत्पन्न केले असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणून त्यास नारळ वाहण्याचे कारण नाही, आणि त्यास भिण्याचेही नाही. आणि मासा नव्हे तो अशासाठी की, तो तुम्हांआम्हांसारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याची मादी पिलास दूध पाजते, आणि कितीही खोल बुडी मारली तरी हवेसाठी त्यास वर यावेच लागते. निळा देवमासा हा आजवर पृथ्वीवर झालेल्या सर्व प्राण्यांत मोठा. त्याची लांबी शंभर फुटांच्या जवळ जाते, वजन पंचवीस-तीस हत्तींइतके भरते. एवढ्या देहाचे अन्न काय, तर आपल्या बाजारात मिळणाऱ्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी! आणि हा जीव आपल्या कोकणच्या समुद्रातही आहे. २०१५ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वराच्या पुढील समुद्रात संशोधकांस तो नावेतून दिसला.

(योनास गिळणारा मासा कोणता, ह्यावरून बाजारात वाद घालणाऱ्या उपदेशक बंधूंस एक सांगणे. मूळ लेखात केवळ मोठा मासा एवढेच आहे. त्याहून अधिक सांगू नका. त्या ग्रंथाचा शेवट निनवेतील लेकरांच्या व गुरांच्या कळवळ्याने होतो, तो मात्र अवश्य सांगा.)

देव आपला श्वास काढून घेतो तेव्हा प्राणी मरतात, असे हेच स्तोत्र पुढे सांगते. त्याच २०१५ साली जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे चाळीस फूट लांबीचा देवमासा येऊन पडला. हवेत श्वास घेणारा प्राणी हवेतच का मरावा? कारण पाण्यात त्याचा भार समुद्र वाहतो. वाळूवर त्याचे स्वतःचेच वजन त्याची छाती दाबते. लोकांनी खटपट केली, पण तो वाचला नाही. हे रेवदंडे तुम्हांस दूर वाटेल. परंतु मुळशी तलावाचे पाणी डोंगरातून उतरून भिरा येथील वीजघरात जाते, तेथून कुंडलिका नदीत पडते, आणि कुंडलिका समुद्रास मिळते ती रेवदंड्याजवळ. मुळेचे जे पाणी पूर्वी पूर्वेस भीमेकडे वाहत असे, ते असे पश्चिमेस वळविलेले आहे. तुमच्या पावसाचे पाणी त्या मेलेल्या देवमाशाच्या किनाऱ्यापर्यंत जाते.

पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्यास देवमाशाचे एक पिलू वाळूत रुतले. गावकरी, मच्छीमार, वनखात्याची व पोलिसांची माणसे त्याच्या अंगावर पाणी ओतीत राहिली, ओली कापडे घातली, आणि सुमारे चाळीस तासांच्या श्रमाने त्यास बोटीने ओढून खोल समुद्रात सोडले. थोड्याच दिवसांत ते मेलेले आढळले. श्रम फुकट गेले असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आपण आजाऱ्यांच्या उशाशी बसतो तेव्हा सगळेच बरे होतात काय?

ह्याच्या उलट गोष्टही ऐका. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात एके काळी शेकडो जहाजे देवमाशाच्या तेलासाठी जात. विल्यम स्कोर्जबी (१७८९–१८५७) हा इंग्रज मनुष्य अशाच एका जहाजाच्या कप्तानाचा मुलगा. एकविसाव्या वर्षी स्वतः कप्तान झाला. रविवारी तो आपल्या जहाजावरील शिकार बंद ठेवीत असे. १८११ सालच्या जून महिन्यात त्याच्या एका माणसाने पिलास भाला मारला, अशा हेतूने की पिलासाठी आई जवळ येईल. ती आली. पिलास घेऊन तिने दोरीसकट दूरवर धाव घेतली, मग पुन्हा वर येऊन इकडे तिकडे व्याकूळ होऊन फिरू लागली. होड्या जवळ येत आहेत ह्याचे तिला भान राहिले नाही. पळून जाणे शक्य असता ती पळाली नाही, आणि तासाभरात मारली गेली. स्कोर्जबीने हे पुस्तकात लिहून ठेविले, आणि अशा मातेस मारणे अत्यंत दुःखदायक आहे असे कबूलही केले. पण तेल मोलाचे म्हणून खलाशी ते करीतच असत, हेही त्याने लपविले नाही. १८२५ साली त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या मायेच्या जोरावर सापळा रचणारी माणसे रविवारी देवाची उपासना करीत होती, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आज नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरून लोक नावेत बसून देवमासे केवळ पाहण्यासाठी जातात. आपल्याकडे हर्णै, मुरूड, तारकर्ली येथील नाववाले हिवाळ्यात पहाटे पाहुण्यांस डॉल्फिन दाखवावयास नेतात. चांगला नाववाला यंत्र मंद करितो, कळपाच्या मागे धावत नाही, माता व पिलू ह्यांच्या मध्ये नाव घालीत नाही. कोणी तरुण तेथे कामास गेला तर त्याने असाच नाववाला धुंडावा.

दुसराही एक धंदा आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. देवमाशाची उलटी म्हणून एक मेणचट पदार्थ गुपचूप विकला जातो. किलोला कोटीच्या गोष्टी करितात, आणि गरीब घरच्या मुलांस थैली पोहोचविण्याच्या कामास लावितात. तो पदार्थ एका जातीच्या देवमाशाच्या आतड्यात होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रात पुष्कळ जण त्यापायी पकडले गेले. सापडतो तो थैली वाहणारा. आपल्या मंडळीतील कोणा मुलास असा निरोप आला असेल तर त्याच्या आईबापांशी आजच बोला. त्याच समुद्रावर असेही कोळी आहेत की, जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव सापडले तर आपले जाळे आपल्या हाताने कापतात. २०१८ च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना काढली खरी. पण सुरी चालविताना भरपाई हातात नसते, आणि जाळे म्हणजे वर्षाची भाकर.

शेवटी नववे वचन, जे मुळशी खोऱ्यात मोठ्याने वाचणे कठीण आहे. पाण्यास देवाने मर्यादा घातली, ती ओलांडून त्याने पुन्हा भूमी झाकू नये, असे तेथे म्हटले आहे. आणि येथे तर पाण्याने भूमी झाकली. विजेसाठी टाटांच्या कंपनीने धरण घातले. १९२१ पासून १९२४ पर्यंत शेतकऱ्यांनी, पांडुरंग महादेव बापट ह्यांस पुढारी करून, सत्याग्रह केला, मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि शेते पाण्याखाली गेलीच. ते पाणी देवाने चढविले असे मी कोणास सांगणार नाही, आणि कोणा उपदेशकानेही सांगू नये. मर्यादा देवाची होती, भिंत माणसांची आहे. लिव्याथान ज्या पाण्यात खेळतो ते देवाने त्याच्या खेळण्यासाठी भरले. आपले पाणी दुसऱ्या हिशेबाने भरलेले आहे.

उपदेशक बंधूंनो, पुढील प्रार्थनासभेत हे स्तोत्र सबंध वाचा, सावकाश वाचा, आणि नवव्या वचनाशी थांबा. ज्यांच्या आजोबांचे खाचर तलावाच्या तळाशी आहे त्यांस बोलू द्या. ते बोलून झाल्यावर मग सव्विसावे वचन वाचा.