शिक्रे

आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये माझी ख्याती पक्ष्यांसाठी नाही, जिभेसाठी आहे. माझ्याहून जाणकार तिघंचौघं तरी आहेत. पण कुणी धूसर फोटो टाकला की सगळे वाट बघतात ती माझ्या शेऱ्याची. ‘हा पक्षी आहे की लेन्सवर पडलेला पापणीचा केस?’ असं मी लिहितो, खाली हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागते, आणि ऑफिसात बसल्या बसल्या मी ती रांग मोजतो. मोजतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ग्रुप पुण्यातला, साठेक जणांचा. रविवारी पहाटे कधी पाषाण, कधी सिंहगडाची दरी, कधी कवडीपाट. कवडीला मुळा-मुठेच्या पाण्यावर फेस तरंगत असतो. नाकाला रुमाल लावून चक्रवाक आणि शेकाटे बघायचे. नऊच्या सुमारास टपरीवर चहा-क्रीमरोल, आणि मग उरलेला आठवडा फोनवर टवाळी. प्रत्येकाला एक नाव पडलेलं. भलीमोठी लेन्स खांद्यावर वाहणारा तो ‘तोफखाना’. एक जण एकटाच सात जणांइतकं बोलतो, तो ‘सातभाई’. पक्षी उडाल्यावर हमखास पोचणाऱ्या एक काकू आहेत, त्यांचं नाव ‘आत्ताच होता का’. मला ‘वेडा राघू’ म्हणतात, आणि ज्याने ते नाव ठेवलं त्याचंही बारसं मी त्याच दिवशी उरकलं होतं. असा सगळा देण्याघेण्याचा मामला.

तीनेक वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये एक गृहस्थ आले. वीज खात्यात लाइनमन म्हणून आयुष्य काढलेलं, नुकतेच निवृत्त झालेले. दुर्बीण नव्हती. पोलावर चढून काम करताना पक्षी अगदी शेजारी येऊन बसायचे, म्हणाले, तेव्हापासून नाद. आम्हा सगळ्यांना, अगदी कॉलेजातल्या पोरांनासुद्धा, ते ‘सर’ म्हणायचे.

त्यांचा दुसरा की तिसरा रविवार. जानेवारी, सिंहगडाची दरी. आंब्यावर एक राखाडी पक्षी झपकन येऊन बसला आणि ते दबल्या आवाजात म्हणाले, ‘सर, शिक्रा!’

पावशा होता.

आता ही चूक किती मोठी, ते सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ ओरडून शिवार डोक्यावर घेणारा पावशा हिवाळ्यात जवळजवळ मुका असतो. आवाज नसला की उरतं ते रूप, आणि रूप हुबेहूब शिक्र्याचं, त्या छोट्या शिकारी पक्ष्याचं. पोटावरचे आडवे पट्टे तसेच, पट्टेरी शेपटी तशीच. उडताना आधी पंखांची फडफड, मग तरंगत जाणं, आणि फांदीवर बसण्याआधी एकदम वर उसळी, तेही तसंच. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते. खरे सातभाई, जन्मभर रानात राहणारे, ते रूप बघून शिक्रा समजतात आणि कल्ला करतात. म्हणजे ज्या चुकीवर आम्ही हसलो ती पाखरंसुद्धा करतात.

मला हे सगळं माहीत होतं. तरी टपरीवर, ते हातात चहाचा ग्लास घेऊन जागा शोधत असताना, मी बाक सरकवून म्हणालो, ‘या शिक्रे, बसा.’ क्रीमरोल तोंडात असलेल्यांना ठसका लागला. तेही हसले. बसले.

त्या दिवसापासून ते शिक्रे. ‘काय शिक्रे, आज काय पाहिलंत?’, ‘शिक्रे, हा कावळा आहे बरं का!’ आडनाव शोभावं असा शब्द, त्यामुळे चिकटलाच. पुढं एक नवी मुलगी आली. तिला वाटलं, हेच त्यांचं आडनाव. ती पहिल्या दिवशी त्यांना आदराने ‘शिक्रे काका’ म्हणाली. टपरीवर क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग फुटले. त्या मुलीला काही कळेना. त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. ‘बोल बाळा’ एवढंच म्हणाले. ती अजूनही त्यांना शिक्रे काकाच म्हणत असेल, भेटत असतील तर.

या प्रसंगाशी मी अनेकदा थांबलो आहे. आमच्यात कुणाला वाईट वाटत नाही, वाटलं तर तो बोलून दाखवतो, हे माझं नेहमीचं समर्थन. ते तोफखान्याच्या बाबतीत खरं आहे. तो मला उलट दोन ठेवून देतो. या माणसाला मी नाव दिलं, पण त्याच्याकडून नाव घेण्याची सोय ठेवली नव्हती. जो मला ‘सर’ म्हणतो तो मला वेडा राघू कसा म्हणणार? दोघं उलटसुलट खेळतात तेव्हा ती फिरकी असते. एकाच बाजूने झाली की मराठीत त्याला टर उडवणं म्हणतात. हा फरक मला शब्दशः माहीत होता. भाषेचा मला अभिमान आहे.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना माझी पहिल्या वर्षाची वही सापडली. त्यात पाषाणची एक नोंद आहे: ‘शिक्रा, १, वडावर.’ वर निळ्या पेनाने काट मारून बारीक अक्षरात ‘पावशा’. काट माझीच. तेव्हा ज्यांनी चूक दाखवली होती त्यांनी मला बाजूला घेऊन, दुर्बीण हातात देऊन, ‘चोच बघ, आकडा नाही, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं बघ’ असं सांगितलं होतं. हसले नव्हते. वही मी परत ठेवून दिली.

खरी गोष्ट त्याआधीच्या नोव्हेंबरची. महिन्याचा शेवट, रविवारची संध्याकाळ. शिक्र्यांचा ग्रुपवर मेसेज आला. यवतच्या अलीकडे, उसाच्या रानाशेजारी, अकरा केव्हीच्या लाइनवर ‘लहान ससाणे’ बसलेत. दोन पोलांच्या मध्ये अकरा-बारा, असे चार पोल ओलांडून. चतुर पकडून हवेतच खातात. मग एक ओळ, जी मला पाठ आहे: ‘पारव्यापेक्षा थोडा लहान, रंग राखाडी, पाय तांबडे, शेपटीखाली तांबडं, उडाला की काखेत पांढरं दिसतं.’

फोटो नव्हता. मी तीस सेकंदांत लिहिलं: ‘शिक्र्यांचं वार्षिक संमेलन! लाल चड्डी म्हणजे सुपरमॅनही आलेला दिसतोय.’

बावीस हसरे चेहरे. कुणीतरी संमेलनाचा अध्यक्ष कोण असं विचारलं, कुणी भोजनाची व्यवस्था, आणि ते वर्णन वर सरकत सरकत दिसेनासं झालं.

आता कबुली. ती ओळ वाचताक्षणी मला कळलं होतं की हा अमूर ससाणा आहे. पुस्तकात नराचं वर्णन याहून नेमकं नसतं. राखाडी अंग, विटकरी पाय, पंखाच्या आतल्या बाजूला पांढरं: दुसरा कुठला पक्षी त्यात बसत नाही. दीडशे ग्रॅमचा हा जीव सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो, नागालँडात लाखोंनी उतरतो, मग भारताचं द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतो. २०१२ साली नागालँडात दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून ते हजारोंनी मारले जात होते आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती शिकार बंद केली, ही हकीकत मी स्वतः दोन शाळांमध्ये स्लाइड दाखवून सांगितली आहे. २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती, हेही. आपल्या भागातून ते जातात ते थोडे दिवस, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि अकरा वर्षांत मला एकदाही दिसले नव्हते.

मग विनोद का केला? बराच काळ मी स्वतःला सांगत होतो की सवयीने. बोटं चालली, डोकं नंतर चाललं. हे खोटं आहे. डोकं आधी चाललं होतं. माझा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, मला या माणसाकडून मिळणार, दुर्बीण नसलेल्या, पावशाला शिक्रा म्हणणाऱ्या माणसाकडून, हे मला सोसवलं नाही. विनोदाने मी ती नोंद ग्रुपच्या डोळ्यांदेखत झाकली.

आणि सोमवारी पहाटे साडेचारला उठून, घरी ‘साइटवर काम आहे’ सांगून, गाडी काढून यवतच्या अलीकडे गेलो.

होते. उजाडताना तारेवर ठिपक्यांसारखे होते, ऊन आलं तसे एकेक करून सुटले. एक नर माझ्या डोक्यावरून गेला आणि त्याच्या काखेतलं पांढरं मी पाहिलं. काखेतलं. दुसरा शब्द मला सुचलाच नाही. त्रेचाळीस मोजले. आयुष्यातल्या सुंदर सकाळींपैकी ती एक आहे, आणि ती मला कुणालाही नीट सांगता येत नाही.

दुपारी फोटो टाकले. ‘अमूर ससाणे! यवतजवळ, आज सकाळी.’ एवढंच. ग्रुप पेटला. अभिनंदन, टाळ्या, ‘वेड्या राघूने मैदान मारलं’. मंगळवारी सात गाड्या गेल्या. रविवारचा मेसेज कुणालाही आठवला नाही, किंवा आठवला तरी कुणी बोललं नाही. संध्याकाळी खाली एक ओळ आली, हात जोडल्याच्या चिन्हासह: ‘छान फोटो सर.’

त्यात उपरोध होता का, हे मी कितीदा तपासलं असेल! उपरोध असता तर मी सुटलो असतो. तो नव्हता.

मी नव्या लोकांना हमखास रानपिंगळ्याची गोष्ट सांगतो. रिचर्ड माइनर्टझहागन नावाचा ब्रिटिश कर्नल होता. त्याने दावा केला की १९१४ साली गुजरातेत मांडवीला त्याने रानपिंगळा टिपला. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला, पुन्हा भुसा भरून नवा केलेला. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, मांडवीचा नाद सोडला, सहकाऱ्यांबरोबर खानदेशात गेल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला, शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. गोष्ट संपवताना मी आवाज खाली आणतो आणि म्हणतो की आपला छंद साक्षीवर चालतो, इथं दुसऱ्याची नोंद आपली म्हणून सांगायची नाही. पोरं भारावतात. यवतनंतरही मी ही गोष्ट दोनदा सांगितली आहे, आवाज तसाच खाली आणून.

ते ग्रुपमधून बाहेर पडले नाहीत. पडले असते तर अॅडमिनला फोनवर तशी सूचना आली असती आणि त्याने विचारलं असतं. ते फक्त यायचे थांबले. फेब्रुवारीपर्यंत मेसेजही थांबले. टपरीवर एकदा कुणी म्हणालं, ‘शिक्रे दिसत नाहीत हल्ली,’ आणि सातभाई म्हणाला, ‘स्थलांतर केलं असेल.’ मी हसलो. जुळून आलेला विनोद होता.

वही सापडली त्या रात्री मी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरची माझी यवतची यादी उघडली. त्रेचाळीस अमूर ससाणे, निरीक्षक मी. टिपणाच्या रकान्यात लिहायला घेतलं: ‘हा थवा प्रथम आदल्या दिवशी संध्याकाळी पाहिला व ओळखण्याजोगं अचूक वर्णन दिलं ते’, आणि पुढं नाव लिहायचं होतं.

फोनमध्ये त्यांचा नंबर ‘शिक्रे’ म्हणून आहे. त्यांच्या प्रोफाइलवर नावाच्या जागी ‘माउली’ आहे आणि विठ्ठलाचा फोटो. तोफखान्याला विचारलं, त्यालाही ठाऊक नाही. ज्या काकू सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी करतात त्यांनाही नाही. तीन वर्षांत आम्ही साठ जणांनी त्यांना खरं आडनाव विचारलेलं नाही.

त्यांनाच फोन करून विचारावं लागेल. नंबर चालू आहे, रात्री उशिरापर्यंत ते ऑनलाइन दिसतात. टिपण अर्धवट ठेवून त्याला आता पाच महिने झाले.