वाल्याच्या बायकोचा हिशेब

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. एका खुनामागे एक खडा, असे सात रांजण भरलेले. नारदमुनींचा प्रश्न, "ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का?" आणि घरून आलेलं उत्तर, "नाही." तिथून आख्यान वाल्याबरोबर जंगलात परत जातं. उलटं रामनाम, वारूळ, वाल्मीकी. बायको चुलीपाशी राहते ती राहतेच. आमचे अण्णा वाईला कीर्तनं करायचे. त्यांच्या आख्यानातही ती एका वाक्यापुरती यायची. पण तिचा प्रश्न लहान नाही. एकाने दुसऱ्यासाठी पाप केलं, तर ज्याच्यासाठी केलं त्याच्या पदरात त्यातलं काय पडतं?

हा प्रश्न पुराणातून उठून माझ्यापुढे उभा राहिला तो 1985 साली, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात. लग्न करून मी प्रॉव्हिडन्सला आले होते. हे शहर तेव्हा खोट्या दागिन्यांच्या कारखान्यांनी गजबजलेलं असे. अशाच एका कारखान्यात मी कानातल्यांच्या जोड्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लावायचं काम करत होते. लांबच लांब टेबल, दोन्ही अंगांना बायका, बहुतेक पोर्तुगीज आणि इटालियन, मराठी मी एकटी. त्या वर्षी एप्रिलपासून आमच्याच शहरातल्या कोर्टात क्लॉस फॉन ब्यूलो याच्यावर दुसऱ्यांदा खटला चालू झाला. सीएनएन तो थेट दाखवायचं. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे दुसरा विषय नसायचा.

प्रकरण न्यूपोर्टचं. समुद्राकाठी राजवाड्यांसारखे बंगले असलेलं हे गाव आमच्यापासून गाडीने तासाभरावरही नाही. तिथे बेलव्ह्यू अव्हेन्यूवर क्लॅरेंडन कोर्ट नावाच्या वाड्यात क्लॉस आणि त्याची बायको सनी राहत. क्लॉस कोपनहेगनमध्ये जन्मलेला डॅनिश, सनी सुमारे साडेसात कोटी डॉलरच्या इस्टेटीची मालकीण. 1979 च्या डिसेंबरात ती बेशुद्ध झाली आणि वाचली. 21 डिसेंबर 1980 ला सकाळी ती न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली सापडली, ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. नवऱ्याने इन्सुलिन टोचून दोनदा जीव घ्यायचा प्रयत्न केला, असा सरकार पक्षाचा आरोप होता. 1982 मध्ये न्यूपोर्टच्या ज्यूरीने क्लॉसला दोषी ठरवलं आणि त्याला 30 वर्षांची शिक्षा झाली. 1984 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नव्याने खटला चालवावा लागला.

हेतू काय, तर सरकार पक्षाने दोन सांगितले होते. एक, सनीच्या मृत्यूनंतर क्लॉसला मिळणारे सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर. दुसरा, क्लॉसची प्रेयसी अलेक्झांड्रा आइल्स. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशबाईंनी पैशाविषयीची बँकरची साक्ष येऊ दिली नाही. मग ज्यूरीपुढे हेतू म्हणून उरली ती एक बाई.

ही अलेक्झांड्रा एकेकाळची मालिकेतली नटी. डॅनिश सरदारघराण्यातली, जन्म स्वीडनमधला, वडील संयुक्त राष्ट्रांत डेन्मार्कचे अधिकारी. 1966 साली एबीसी वाहिनीवर 'डार्क शॅडोज' नावाची दुपारची मालिका सुरू झाली, तिच्या पहिल्याच भागात रात्रीच्या आगगाडीत खिडकीशी बसलेली ही मुलगी दिसते. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची अनाथ मुलगी एका गूढ वाड्यात मुलाला सांभाळायला निघाली आहे. गोष्टीत तो वाडा मेन राज्यातला, पण पडद्यावर बाहेरून दिसणारा वाडा न्यूपोर्टचाच. पुढे कथानक व्हिक्टोरियाला 1795 सालात नेऊन टाकतं. तिथे दुसरीने केलेल्या करणीसाठी तिला चेटकीण ठरवतात, तिच्यावर खटला चालतो आणि तिला फाशी सुनावली जाते. बाळंतपणासाठी 1968 मध्ये अलेक्झांड्राने मालिका सोडली. पंधरा वर्षं उलटायच्या आत खऱ्याखुऱ्या न्यूपोर्टमध्ये, खऱ्या न्यायाधीशापुढे, दुसऱ्यावर ठेवलेल्या आरोपाचं कारण म्हणून ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती.

खटल्यात तिच्यावर कसलाही आरोप नव्हता. क्लॉसवर तिचं प्रेम होतं, त्याने बायकोपासून मोकळं होऊन आपल्याशी लग्न करावं अशी तिची इच्छा होती आणि तिने त्याला मुदत घातली होती. एवढंच. पण आमच्या टेबलाने निकाल केव्हाच लावला होता. माझ्या शेजारची पोर्तुगीज बाई धार्मिक, गळ्यात कायम क्रूस. ती म्हणायची, "त्याने सुई टोचली की नाही ते देव जाणे, पण हिने मनात धरलं ना की ती बाई वाटेतून दूर व्हावी? झालं. तेच पाप." हे तिच्या धर्माला धरूनच होतं. परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे.

मी ज्या घरात वाढले तिथे वेगळं ऐकलं होतं. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षित राजाची कथा आहे. कलीला ठार करायची संधी असून राजा त्याला जिवंत सोडतो, कारण कलियुगात एक मोठा गुण आहे: चांगलं काम नुसतं मनात आणलं तरी त्याचं पुण्य मिळतं, वाईट मात्र हातून घडल्याशिवाय लागत नाही. अण्णा हे सांगताना वीणा खाली ठेवायचे आणि समोरच्या बायकांकडे पाहायचे. सासूसवतींच्या जाचात मनात काय काय येत असेल ते त्यांना ठाऊक होतं. मला ही शिकवण फार दयाळू वाटते. मनात येणाऱ्या प्रत्येक इच्छेची शिक्षा भोगायची तर कुणाची सुटका आहे? बायको सोडून ये, हे म्हणणं कुणाला आवडो न आवडो, त्यात खून नाही. त्या मुदतीमुळे दुसऱ्याच्या मनात काय उगवलं, याची जबाबदारी मुदत घालणाऱ्यावर टाकता येत नाही.

पण एवढ्याने अलेक्झांड्रा मोकळी होत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत साधनपादात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पण आपण मान्य केलेली. जैन धर्मातही करणं, करवणं आणि अनुमोदन देणं असे तीनच दरवाजे आहेत, आणि तिसरा दरवाजा पहिल्या दोहोंइतकाच कडक राखायला सांगितला आहे. यात इच्छेचं नाव नाही. प्रश्न आहे तो कळल्यानंतर आपण काय केलं याचा.

आणि अलेक्झांड्राला काहीतरी कळलं होतं. दुसऱ्या खटल्याच्या वेळी ती युरोपात होती. साक्षीला येणार की नाही, याचीच कितीतरी दिवस चर्चा चालली. शेवटी ती आली, आणि पहिल्या खटल्यात पुढे न आलेली एक गोष्ट तिने शपथेवर सांगितली. सनी पहिल्यांदा बेशुद्ध झाल्यानंतर क्लॉसने अलेक्झांड्राला फोन केला होता. नवराबायकोचं घटस्फोटावरून रात्री उशिरापर्यंत वाजलं होतं, सनीने दारू आणि झोपेच्या गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती बेशुद्ध पडलेली असताना तो नुसता बघत राहिला. ती अगदी मरणाच्या दारात पोचली तेव्हा मात्र त्याला ते शेवटाला नेववलं नाही, आणि त्याने डॉक्टरला बोलावलं.

मी ती साक्ष घरी टीव्हीवर पाहिली. पडद्यावर एक सडपातळ, काळ्याभोर केसांची बाई, आवाज खाली. बचावाच्या वकिलांनी नको तिथेच बोट ठेवलं: असं ऐकल्यावरही तुम्ही या माणसाबरोबर राहिलात? राहिली होती. सनी कायमची बेशुद्ध झाली त्यानंतरही काही काळ दोघं भेटत होती. तिचं उत्तर एवढंच, की तिचं त्याच्यावर प्रेम होतं.

10 जून 1985 ला ज्यूरीने क्लॉसला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. सनीची अवस्था इन्सुलिनमुळे झालेली नाही, असं बचावाच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी मांडलं होतं. कायद्यापुढे तो निर्दोष आहे आणि मीही त्याला त्याहून वेगळं काही म्हणणार नाही. मला विचारायचं आहे ते त्या फोनबद्दल. त्याने काय केलं हे बाजूला ठेवा. तिने जे ऐकलं असं ती सांगते, ते ऐकलेल्या माणसाचं कर्तव्य काय?

या प्रश्नाची उकल मला एका लहान मुलीने करून दिली. आम्ही चार मराठी घरं दर रविवारी मुलांना एकत्र जमवून गोष्टी सांगायचो. मी वाल्याची गोष्ट सांगितली. सगळी मुलं रांजण किती मोठे, खडे किती, यात रमली. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, बायको नाही म्हणाली ना, मग त्या रात्री ती जेवली का?"

अण्णांच्या कीर्तनाला शेकडो माणसं बसायची, पण हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. सगळं त्या जेवणापाशी येऊन ठेपतं. वाल्याने जंगलात मारलेल्या माणसांचे खडे वाल्याच्याच रांजणात पडणार. "यात आमचा वाटा नाही" हे बायकोचं म्हणणं त्या क्षणापर्यंत खरं आहे. पण धान्य कुठून येतं हे आता तिला समजलं. त्यानंतरही तिने त्याच धान्याची भाकरी निमूटपणे खाल्ली असेल, तर तिच्या नावाचा आठवा रांजण त्या रात्रीपासून सुरू झाला.

अलेक्झांड्राने फोन ऐकल्यानंतरचे महिने मी याच मापाने मोजते. त्या काळात ती गप्प राहिली, भेटत राहिली. ते खडे तिचे. सनी तेव्हा जिवंत होती, चालतीबोलती होती, आणि सावध करायला पुरेसा अवधी होता. पण त्याच न्यायाने मी तिची साक्षही मोजते. दूर युरोपात राहून ती टाळता आली असती. यायचं म्हणजे सगळ्या देशादेखत स्वतःचं प्रेम, स्वतःचं मौन आणि स्वतःची नाचक्की उघडी करायची. ती आली आणि बोलली. अनुमोदन मागे घ्यायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे जे ठाऊक आहे ते ज्यांना कळायला हवं त्यांच्यापुढे बोलणं. उशिरा बोललेलं खरं हे न बोललेल्या खऱ्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. तरी उशिराची किंमत असतेच. ही किंमत सनीने मोजली की नाही, हे ठरवायचा अधिकार मला नाही. मी एवढं जाणते की ती सुमारे 28 वर्षं बेशुद्ध पडून होती आणि 2008 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये वारली.

अलेक्झांड्रा पुढे माहितीपट करू लागली. 1995 मध्ये तिने एक केला, त्याच्या नावात सदसद्विवेकाच्या सामर्थ्याचा उल्लेख आहे. 1943 च्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधल्या साध्या लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना कोळ्यांच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं, त्याची ही कथा. नंतर 1998 मध्ये काळ्या यादीत टाकलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांवर, आणि 2002 मध्ये नाझींनी मारलेल्या रोमा लोकांवर. यावरून तिच्या अंतःकरणाचा निवाडा मी करत नाही. पण डेन्मार्कच्या त्या लोकांचं मोठेपण यात होतं, की उद्या काय होणार हे कानावर पडल्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली आणि त्यांनी होड्या काढल्या.

आमच्या टेबलावरच्या बायकांनी अलेक्झांड्राला दुसरीचा संसार मोडणारी म्हणून दोषी धरलं. माझं मत उलट आहे. ज्या गोष्टीसाठी जग तिला बोल लावत होतं, त्यात तिचा गुन्हा नव्हता. जिथे तिची खरी परीक्षा होती, त्या मौनाबद्दल जग फारसं बोललं नाही, कारण तो प्रश्न प्रत्येकाच्या घरात शिरतो. नवऱ्याच्या पगाराबाहेरचा पैसा, मुलाने परीक्षेत केलेली लबाडी, सासऱ्यांनी भावाला फसवून नावावर करून घेतलेली जमीन. हे सगळं आपल्यासाठीच केलेलं असतं, आपण करा म्हटलेलं नसतं, आणि एक दिवस ते आपल्याला कळतं. आधीचा हिशेब ज्याचा त्याचा. कळल्या दिवसापासूनचा आपला. त्या दिवशी घरात बोला. घरात ऐकत नसतील तर जिथे ऐकतील तिथे बोला, आणि उशीर करू नका.