अनर्थदंड आणि गृहस्थाचा दिनक्रम

पाणी, वीज, अन्न आणि वस्त्र बेताने वापरावे हा उपदेश आज बहुधा परिणामांच्या हिशोबावर उभा केला जातो: किती पाणी वाचले, किती कोळसा जळायचा राहिला. जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थाने पाळावयाच्या आचारनियमांच्या शास्त्रात, या विषयाला सुरुवात होते ती मात्र केलेली कृती मुळात कशासाठी होती या प्रश्नापासून.

समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या संस्कृत ग्रंथात सांगितलेल्या तीन गुणव्रतांपैकी एक अनर्थदंडविरती हे असून, अनर्थदंड म्हणजे जिच्यातून काहीही प्रयोजन साधत नाही अशी पापकारक कृती. तिच्या पाच प्रकारांपैकी ‘प्रमादचर्या’ येथे विशेष महत्त्वाची, कारण विनाकारण जमीन उकरणे, पाणी सांडणे, विस्तव पेटवणे, झाडपाला तोडणे, इतकेच काय, निरर्थक हिंडणे आणि दुसऱ्याला हिंडवणे हेही तिच्यात मोडते. जैन मताप्रमाणे पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हेच ज्यांचे देह आहेत असे एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाची जाणीव असलेले, जीव असतात. त्यामुळे वाहता सोडलेला नळ ही या दृष्टीने नुसती नासाडी नसून हिंसा ठरते. गृहस्थाकडून मुनीइतक्या अहिंसेची अपेक्षा नाही. चूल पेटवण्यातली किंवा शेत नांगरण्यातली हिंसा त्याला चुकत नाही हे शास्त्र मान्य करते, आणि म्हणूनच जी टाळता येते तिच्याबाबत ते अधिक काटेकोर होते.

या व्रताचा हेतू जीवाला कर्मबंधापासून वाचवण्याचा आहे, नदी किंवा जंगल राखण्याचा नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. प्राचीन आचार्यांना पर्यावरणवादी ठरवण्याची आजची हौस ग्रंथांना न्याय देत नाही. त्याहून अवघड आक्षेप असा की, प्रयोजन दाखवणे कोणालाही सोपे असते, कारण रिकाम्या खोलीत एसी चालू ठेवणाऱ्यालाही सबब सापडतेच. त्याचे उत्तर त्याच ग्रंथातील भोगोपभोगपरिमाण या व्रतात मिळते. भोग म्हणजे अन्नासारखी एकदाच वापरून संपणारी वस्तू आणि उपभोग म्हणजे वस्त्रासारखी पुन्हा पुन्हा वापरता येणारी. दोन्हींची मर्यादा मोह समोर येण्याआधीच ठरवून ठेवायची असते. अशी मर्यादा जन्मभराची असेल तर तिला ‘यम’ आणि ठरावीक मुदतीची असेल तर ‘नियम’ म्हणतात. भोजन, वाहन, स्नान, वस्त्रे अशा रोजच्या बाबींसाठी एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू किंवा सहा महिने एवढ्या मुदतीचा नियम घेता येतो. म्हणजे आजचा दिवस वाहनावाचून काढणे किंवा हा ऋतू नवे कापड न घेता घालवणे हेही व्रतच होय, आणि मोठ्या प्रतिज्ञेपेक्षा ते पाळले जाण्याचा संभव अधिक.

श्रावकाचाराची कक्षा घराच्या उंबरठ्याशी संपत नाही. श्वेतांबर परंपरेने श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या 15 व्यवसायांत कोळसा पाडणे, जंगलतोड आणि तळी आटवणे यांचा समावेश असल्यामुळे, घरात पाणी गाळून पिणाऱ्यालाही आपल्या पेढीवर येणारा पैसा कोणत्या धंद्यातून येतो हे पाहावेच लागते.